काडू

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकाने माझी ओळख 'पुण्यातली सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली आणि मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "अरे, ही तर आपली काडू!" तीस वर्षांनी ते नाव ऐकलं. तेव्हा रडू यायचं, आज बरं वाटलं. म्हणून लिहून आणलेलं करिअरवरचं भाषण पर्समध्येच ठेवते आणि गांडुळांवर बोलते.

बाहेरगावच्या जावईबापूंसाठी सांगते, आपल्याकडे गांडुळाला काडू म्हणतात. बाबा रविवारी वाशिष्ठीवर गरवायला जायचे आणि त्यांच्या गरीला लावायला काडू खणून आणायचं काम माझं. शाळेच्या नळामागची ओली जमीन ही माझी खाण. आठवीत असताना एकदा डबा दप्तरातून प्रार्थनेच्या रांगेत सांडला आणि तुम्ही माझं बारसं केलंत. त्यानंतर मी खणायला गेले नाही. बाबांनी कारण विचारलं नाही. ते स्वतःच खणू लागले.

२२ जुलै २०२१ चा पूर इथे कोणाला सांगायला नको. आमच्या घराचा तळमजला पाण्यात गेला. आई आधीच गेली होती. बाबांना मी पुण्याला, आठव्या मजल्यावर घेऊन आले. काय काय वाहून गेलं त्याची यादी करायला बसलो, तर त्यांनी गऱ्यांचा डबा लिहिलाच नाही. मी आठवण केली. म्हणाले, "आता कशाला?" मग दिवस दिवस खिडकीशी बसून राहायचे.

गरी कुठेही विकत मिळते. मी ठरवलं, आमिष घरीच तयार करायचं, म्हणजे हा माणूस उठेल. गांडूळखतवाल्याकडून एक किलो गांडुळं आणली, झाकणाच्या डब्यात भरली, ओलावा मोजायला सेन्सर लावला, रोज नोंदी ठेवल्या. भरपूर खायला घातलं. दिवसातून चारदा झाकण उघडून पाहिलं. दहाव्या दिवशी डब्यातून आंबूस वास आला. अर्धी मेली होती, उरलेली झाकणाला चिकटून पळायच्या बेतात होती.

बाबा पहिल्यांदाच खिडकीपासून उठून आले. डबा पाहिला. "कपड्यांच्या मशीनवर ठेवलास? ते हादरतं ना!" मला बाईंचा तास आठवला. डार्विनने गांडुळांची कुंडी पियानोवर ठेवली होती. त्यांना सूर ऐकू येत नाही, पण पट्टी दाबली की हादरा कळतो आणि ती बिळात शिरतात. त्यावरचं त्याचं पुस्तक १८८१ चं. हे मला पाठ होतं, तरी मशीनवरच ठेवला!

मग म्हणाले, "तू जरा कमी लक्ष दिलं असतंस तर जगली असती." ते गांडुळांबद्दलच बोलत होते. पण त्या महिन्यात मी ऑफिसातून त्यांना दिवसाला पाच फोन करत होते, औषधांचा तक्ता भिंतीवर लावला होता, फिरायच्या वेळा ठरवल्या होत्या. मी तक्ता काढून टाकला.

दुसऱ्या वेळी सगळं त्यांनी केलं. मासेवालीकडून थर्माकोलची पेटी आणली, तळाला आणि बाजूंना भोकं पाडली. खाली नारळाचा काथ्या, वर ओल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि जुनं, थंड झालेलं शेण. ताजं शेण तापतं आणि गांडुळं मरतात. मूठभर घेऊन पिळलं तर एखाद-दुसरा थेंब पडावा, एवढीच ओल. गांडूळ कातडीनेच श्वास घेतं; कोरडं पडलं तरी गुदमरतं, पाणी साचलं तरी गुदमरतं. भाजीची देठं, केळ्याची साल घालायची, तीही आधीची संपल्यावर. कांदा, लिंबू, मीठ, तेल वर्ज्य. पेटी चार विटांवर, विटा पाण्याच्या थाळ्यांत, म्हणजे मुंग्या येत नाहीत.

आधीची तांबडी, बारीक जात पाहून ते म्हणाले होते, "ह्या तर शेवया!" म्हणून या वेळी आफ्रिकेतून आलेली जाड जात आणली. तिला पुण्याची ऊब मानवते. काही आठवड्यांनी बारीक कोष दिसले, मग दोऱ्यासारखी पिल्लं. बाबा मला ऑफिसात फोन करून आकडा सांगायचे. फोन ते करायचे, मी नाही.

मागच्या दिवाळीत आम्ही चिपळूणला आलो. आदल्या दिवशी वीसेक गांडुळं नुसत्या ओल्या कागदात ठेवली. पोट रिकामं होऊन अंग घट्ट होतं आणि गरीवर टिकतं. मगरींच्या भीतीने वरच्या पायरीवर बसलो. बाबांनी बराच वेळ नुसतं पाण्याकडे पाहिलं. मग गरी टाकली. दोन तासांत एक लहानशी शिंगटी लागली, ती त्यांनी सोडून दिली. उरलेली गांडुळं मात्र डब्यात परत घेतली. परक्या जातीची गांडुळं नदीकाठी सोडायची नसतात. उत्तर अमेरिकेत गळवाल्यांनी फेकलेल्या गांडुळांनी जंगलाची माती बदलली आहे.

निघताना म्हणाले, "चांगली आहेत. पण शाळेच्या नळामागची जास्त चिवट होती."

तेव्हा मी त्यांना त्या प्रार्थनेची गोष्ट सांगितली. म्हणाले, "माहीत आहे. तुझ्या बाई दुसऱ्याच दिवशी घरी आल्या होत्या. म्हणाल्या, तिला काही विचारू नका, मोठी झाली की स्वतः सांगेल."

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. सांगायला मला तीस वर्षं लागली. बाबा अजून पेटी सांभाळतात आणि परवा नवे कोष दिसले आहेत. कोणाला हवे असतील तर जेवणाच्या सुट्टीत भेटा. नाव विचारू नका, सगळ्यांना माहीत आहे.