गोलचीची धार

गोलची बोथटली, कीं प्रथम कानाला कळतें. धारदार पात्याखालीं लेथवरचें लाकूड सरसर कातलें जातें, लांब छिलके सुटतात. धार गेली, कीं नुसता भुसा पडतो. हौशी कारागीर मग हत्यार रेटतो, तें अडकतें आणि दिवसभर कातलेला वाडगा क्षणांत फुटतो.

अडचण धार लावण्याची नसून दर वेळीं तोच कोन साधण्याची आहे. दांडा कातण्याच्या गोलचीला सुमारें ४० अंश, वाडगा कोरण्याच्या गोलचीला ५५ च्या आसपास. हात थोडा चळला, कीं उतार नव्यानें घडवावा लागतो व पोलाद फुकट झिजतें. जुने कातारी याला हंसतील. त्यांचें मनगटच तसें तयार झालेलें असतें. इतरांनीं गोलची धारकांत बसवावी, आणि धारकाचा पाय टेकण्यास कुरुंदाच्या चाकासमोर पक्की खोबणी करावी. पातें धारकाबाहेर किती यावें, हें फळीवर ठोकलेल्या ठोकळ्यानें कायमचें ठरवावें.

मग उतारावर काळी शाई फासून चाक हातानेंच एकदां फिरवावें. शाई धारेशींच पुसली, तर कोन फार उभा. मागच्या कडेलाच पुसली, तर फार निजता. सबंध उतारावर पुसली, तरच वीज सुरू करावी.

साधें पोलाद निळें पडलें, कीं त्याचें पाणी उतरलें. हाय-स्पीड पोलाद सुमारें ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतें. तरी दाब हलकाच हवा. चाक झिजून लहान होतें तसा कोनहि बदलतो, म्हणून शाईची परीक्षा अधूनमधून पुन्हा घ्यावी.