सहा गुणांचं गणित

जर्मनीत जून 2024 पासून मिळू लागलेल्या, नोकरी शोधायला येऊ देणाऱ्या ‘संधी कार्डा’साठी किमान 6 गुण लागतात. अहिल्यानगर एमआयडीसीतला, आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड केलेला तिशीचा कामगार घ्या. वयाचे 2, गेल्या 5 वर्षांतल्या त्याच कामाच्या 2 वर्षांच्या अनुभवाचे 2. उरलेले 2 गुण बी-वन पातळीच्या जर्मनचे. म्हणजे गाडी अडते ती भाषेपाशी, आणि परदेशी पाठवणाऱ्या एजंटाच्या हाती यातला एकही गुण नसतो. कारखान्यातली पाळी सांभाळून जर्मन शिकायची कधी, हा आक्षेप रास्तच. कित्येक महिने जातात. पण वय मागे नेता येत नाही, भाषा शिकता येते. म्हणून जाण्याच्या खर्चासाठी जमीन गहाण टाकण्याआधी भाषेची परीक्षा द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण हे कार्ड म्हणजे नोकरी नव्हे, ती शोधायला मिळणारं वर्षभराचं वास्तव्य आहे; तेवढ्या काळाच्या खर्चाची तजवीज अर्जासोबतच दाखवावी लागते.