'मॉकिंगजे' आणि आपल्या मुली

(वाचन-चर्चेच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढून टाकली आहे.)



पुस्तकावर बोलायचं म्हटल्यावर मी एखादं मराठी आत्मचरित्र घेऊन येईन, असं तुम्हाला वाटलं असेल. मी आणलंय माझ्या मुलीच्या कपाटातलं पुस्तक: सुझन कॉलिन्स यांचं 'मॉकिंगजे'. 'हंगर गेम्स' मालिकेतला हा २०१० सालचा तिसरा भाग. "हे काय, टीनएजर पोरांचं" म्हणून मीही ते बाजूला ठेवलं होतं. मग का वाचलं, ते शेवटी सांगते. पुस्तकाचा शेवट मात्र फोडणार आहे, त्याबद्दल आधीच माफी!

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅनेम हा उत्तर अमेरिकेच्या जागी उभा राहिलेला देश. राजधानी कॅपिटॉल, आणि तिच्या टाचेखाली सगळे जिल्हे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी उचलायची, आणि एकच जण जिवंत उरेपर्यंत त्यांना एकमेकांना मारायला लावायचं, तेही टीव्हीवर. सोळा वर्षांची कॅटनिस धाकट्या बहिणीच्या, प्रिमच्या, जागी स्वतः पुढे होते. ही २००८ च्या पहिल्या भागाची गोष्ट. तिथे शत्रू कोण, हे शाळकरी पोरालाही कळतं.

तिसऱ्या भागात कॅटनिस बंडखोरांच्या तेराव्या जिल्ह्यात येते. म्हणजे आपल्या बाजूला! आणि खरी अडचण इथेच सुरू होते.

या जिल्ह्यात सगळं समान आहे. जेवण मोजून, कपडे एकसारखे, रोज सकाळी हातावर दिवसाचं वेळापत्रक छापून मिळतं. आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की मुलाला 'सोल्जर' म्हणून हाक मारतात. यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. बंडाला एक चेहरा हवा असतो. कॅटनिसला पोशाख चढवून, मेकअप करून स्टुडिओत उभी करतात आणि लिहून दिलेलं वाक्य म्हणायला लावतात. ते साफ पडतं. मग मोठी माणसं बसून विचार करतात: हिच्यामुळे आपलं मन कधी हललं? उत्तर येतं, जेव्हा ती मनापासून वागली तेव्हा. निष्कर्ष काय? तिला मोकळं सोडा? नाही! तिला खऱ्या युद्धात पाठवा आणि कॅमेरे सोबत द्या. तिचा खरा राग, खरं दुःख हाच आता कच्चा माल.

ही कल्पना कुठून आली, ते लेखिकेने मुलाखतींत सांगितलं आहे. एका रात्री टीव्हीचे चॅनल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसत होती, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू लागली.

इराक म्हटल्यावर मला १९९० आठवतं. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्क गटासमोर पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी रडत रडत बोलली. नाव फक्त नायिरा. इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या इन्क्युबेटरमधून बाळं काढून जमिनीवर टाकली, आपण ते पाहिलं, असं तिने सांगितलं. ही हकीकत थोरल्या बुश यांनी पुन्हा पुन्हा उच्चारली. जानेवारी १९९१ मध्ये युद्ध पेटलं. पुढे १९९२ मध्ये उघड झालं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी होती, आणि ती साक्ष हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीच्या मोहिमेचा भाग होती. बाळांच्या गोष्टीला आधार सापडला नाही. कुवेतवर आक्रमण झालं होतं, हे तर खरंच होतं. पण ते सांगायला एक रडणारी मुलगी लागली, कारण रडणाऱ्या मुलीची कोणी उलटतपासणी घेत नाही.

आता पुस्तकाचा शेवट. राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यासमोर कॅपिटॉलचीच मुलं जमा केलेली असतात. वरून चंदेरी पॅराशूट पडतात. मुलं हात पुढे करतात, कारण अशा पॅराशूटमधून भेटी येतात हे त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. काहींचा स्फोट होतो. बंडखोरांची वैद्यकीय तुकडी मदतीला धावते आणि मग उरलेली फुटतात. त्या तुकडीत प्रिम असते. अजून चौदाचीही न झालेली. तिला आघाडीवर पाठवायची परवानगी कोणी दिली? आणि आधी बॉम्ब, मग धावून आलेल्यांवर दुसरा बॉम्ब, हा सापळा आखणारा होता कॅटनिसचा जिवलग मित्र गेल. विजयानंतर बंडाची नेता कॉइन सुचवते, एकदा कॅपिटॉलच्या मुलांचा असाच खेळ करू या. कॅटनिस बाण सोडते तो जुन्या हुकूमशहावर नाही, कॉइनवर.

मंडळी, आपण पुरोगामी म्हणवणारे लोक. सत्ताधारी मुलांना वापरतात तेव्हा आपल्याला लगेच दिसतं. या देशात हायस्कूलांनी सैन्यभरतीवाल्यांना मुलांचे पत्ते आणि फोन नंबर द्यायचे, ही तरतूद २००१ च्या शिक्षण कायद्यात आली आणि २०१५ च्या नव्या कायद्यातही राहिली. पालकांनी लेखी नकार दिला तर देत नाहीत. तो अर्ज भरा, हे आपण एकमेकांना आवर्जून सांगतो. पण आपल्या बाजूचं काय?

दोन वर्षांपूर्वी एका निषेध सभेत माझी मुलगी बोलली. तेव्हा ती चौदाची होती. शाळेत तिला तिच्या रंगावरून जे ऐकावं लागलं, ते तिने सांगितलं. लोकांचे डोळे पाणावले, फोटो सगळीकडे फिरला, मला अभिमानाने भरून आलं. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "आई, ते भाषण तुझं होतं. मला ते शाळेत कोणाला कळायला नको होतं." भाषण खरोखरच मी लिहिलं होतं. घटना तिची, शब्द माझे. फोटो परत घेता येत नाही. काही दिवसांनी तिने हे पुस्तक माझ्या उशाशी ठेवलं.

मग मुलींनी बोलूच नये का? तसं मुळीच नाही. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिणारी मुक्ता ही फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनीच होती. २०१८ मध्ये ग्रेटा थुनबर्ग स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी बसली, तेव्हा तीही पंधराचीच होती. मुलगी स्वतः बोलते तेव्हा आपण ऐकायचं, तिच्यामागे उभं राहायचं.

पुढच्या कार्यक्रमात "तरुण मुलींची मनोगतं" ठेवावीत अशी सूचना आली आहे. माझा विरोध नाही. फक्त तीन गोष्टी ठरवू या. शब्द तिचे असावेत. आयत्या वेळी "नको" म्हणाली तर कोणी तोंड वाकडं करू नये. आणि फोटो, व्हिडिओ तिला विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नये.

आजचं हे भाषण मी आधी मुलीला वाचायला दिलं. तिने दोन वाक्यं काढायला लावली. ती मी काढली आहेत.