भाडं, किराणा आणि क्रेडिट कार्ड

क्रेडिट कार्डावरचं बक्षीस, मग ते पॉइंट असोत की कॅशबॅक, सगळ्या खर्चावर सारखं मिळत नाही. दुकानाचा व्यवसाय सांगणारा चार अंकी कोड प्रत्येक व्यवहारासोबत बँकेकडे जातो. शंभर रुपयांमागे किती द्यायचं, की काहीच नाही, हे त्यावरून ठरतं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात काम करून जवळपास भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाचे मोठे खर्च दोन: भाडं आणि पोट. भाड्यावरचे पॉइंट बऱ्याच बँकांनी बंद केले आणि उलट साधारण १ टक्का शुल्क लावलं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या नियमांनंतर तर अनेक अ‍ॅपनी कार्डानं भाडं भरण्याची सोयच काढली. त्यामुळे भाड्याकडे पाहून कार्ड निवडण्यात अर्थ उरलेला नाही.

उरतो किराणा आणि खानावळ. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, पण पैसे फक्त व्यापारी क्यूआरवर जातात. खानावळीच्या गल्ल्यावर मालकाच्या खासगी खात्याचा क्यूआर चिकटवलेला असेल, तर तिथे कार्ड चालत नाही. शिवाय काही कार्डं यूपीआयवरच्या खर्चाला कमी बक्षीस देतात आणि किराण्याच्या कॅशबॅकला महिन्याची मर्यादा घालतात. जाहिरातीत ठळक छापलेला टक्का या अटींपुढे बराच लहान होतो.

समजा, महिन्याचा किराणा ६,००० रुपयांचा आणि कॅशबॅक १ टक्का. वर्षाला ७२० रुपये मिळाले. कार्डाची वार्षिक फी ४९९ असेल, तर १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपये गेले. हाती राहिले १३१. अशा घराला बिनफीचं साधं कार्डच परवडतं.

खरा फटका व्याजाचा. १०,००० रुपयांची थकबाकी महिनाभर राहिली, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी ३५० रुपये आणि जीएसटीचे ६३, म्हणजे जवळपास सात महिन्यांचा कॅशबॅक एका फटक्यात साफ. बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून ते चढू लागतं.

कार्ड नकोसं झालं आणि थकबाकी नसेल, तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ते बंद करायचं असतं. उशीर झाल्यास बँकेनं ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात.