भिलार : पुस्तकांचं गाव
सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान असलेलं भिलार स्ट्रॉबेरीसाठी आधीपासूनच प्रसिद्ध होतं. ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाच्या पुढाकारानं ते पुस्तकांचं गाव झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून सुचलेली. पण तिथे पुस्तकं प्रामुख्यानं विकली जातात, भिलारमध्ये ती मोफत वाचायला मिळतात. गावकऱ्यांनी त्यासाठी राहत्या घरांतल्या खोल्या दिल्या, हे सर्वांत मोलाचं. एका घरी कादंबऱ्या, दुसरीकडे कविता, तिसरीकडे संतसाहित्य. चपला दाराबाहेर काढायच्या, कपाटातलं आवडेल ते पुस्तक घ्यायचं आणि निवांत बसायचं. काही घरांत जेवणाची, मुक्कामाचीही सोय होते. स्ट्रॉबेरीचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. सहलीसाठी तेच दिवस उत्तम.