हाताचे शिक्षण व पुस्तकाचे शिक्षण
(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हालली आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. भूकंप कोणाच्या हातचा नाही, हे खरे. परंतु माणसे मेली ती घरांनी. दोन बाजूंनी दगड रचावयाचे, मध्ये चिपा व माती भरावयाची, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावयाचा नाही आणि वर माळवदाची जड माती चढवावयाची, अशी ही घरे आमच्याच गवंडी बांधवांनी बांधलेली होती. ते आळशी नव्हते. त्यांचा हात तयार होता. पण आडवा धक्का बसला म्हणजे भिंत कोठे फुटते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सांगणारा कोठे होता? शाळेत विज्ञान शिकवीत होते, पण गवंड्याचे पोर त्या शाळेत टिकत नव्हते. आणि ज्याने ते पाठ केले त्याने जन्मात थापी धरली नाही. पुढे पुनर्वसनाच्या वेळी गवंड्यांना टिकाऊ बांधकाम शिकविले, गावोगाव बायकांना संवाद सहायक नेमून घरवाल्यांची समजूत घातली, आणि लोक शिकले. तेच आधी का शिकविले गेले नाही, हा आमचा सवाल आहे.

हा सवाल जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे टाकला होता. खेड्यातल्या शाळेत लिहिणे-वाचणे व हिशेबाबरोबर शेतीचे ज्ञान द्या, शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्या, आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरावयास ज्याला लाज वाटणार नाही असा तो असावा, असे त्यांचे मागणे होते.

परंतु येथे एक खड्डा आहे, तो ओळखून चाला. १९५३ साली मद्रासेत मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी योजना काढली की, पोरांनी अर्धा वेळ शाळेत बसावे व उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. म्हणजे न्हाव्याच्या पोराने वस्तरा आणि चांभाराच्या पोराने आरी! पेरियार रामस्वामी यांनी त्याविरुद्ध रान उठविले आणि १९५४ साली ती योजना गुंडाळावी लागली. धंदेशिक्षण म्हणून कोणी आमच्या पोरांच्या गळ्यात जातीचाच धंदा बांधू लागला, तर ते आम्हांस नको.

मग हवे ते कसले? पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. त्या पद्धतीत शाळेतली मुले व मुली आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरे, अन्न व आरोग्य हे सर्व सगळ्यांनी शिकावयाचे. तेथे तुझा बाप कोण, हे विचारीत नाहीत. गावाला लागणारे काम करून द्यावयाचे आणि त्याचा खर्च मांडावयाचा. शिकविणारा पुष्कळदा गावचाच कारागीर. आठवीच्या पोराने टाकीला विटा किती लागतील हे काढले की घनफळ त्याच्या डोक्यातून सहसा जात नाही.

आमच्याकडे मात्र ‘लातूर पॅटर्न’चा डंका. गरिबांची पोरे त्यातून डॉक्टर झाली, त्याचा आम्हांस आनंदच आहे. पण एका डॉक्टरामागे किती पोरे शिकवणीची फी भरून, बापाचे वावर गहाण टाकून, रिकाम्या हाती परत येतात याची मोजदाद कोण ठेवतो? ती ना वखर धरावयास राजी, ना कचेरीत त्यांना जागा.

नांदेड जिल्ह्यात, बिलोली तालुक्यात, सगरोळी येथे १९५९ साली बाबासाहेब देशमुखांनी संस्कृती संवर्धन मंडळ स्थापन केले. शाळा, वसतिगृह व पुढे कृषी विज्ञान केंद्र अशी कामे तेथे एकाच संस्थेने चालविली. म्हणजे ही गोष्ट आमच्या मातीत उगवत नाही, असे कोणी म्हणू नये.

आता तुमच्या हातातले सांगतो. २००९ च्या कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांपैकी तीन सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बायका. हल्ली पुष्कळ गावी सभा न होताच वहीवर आंगठे उठतात. येत्या सभेला मजुरी बुडाली तरी जा, बायकोलाही न्या, आणि गुरुजींना आदराने विचारा: गुरुजी, आठवड्यातून एक दिवस गावचा सुतार, गवंडी, वायरमन शाळेत बोलावून मुलामुलींकडून काम करून घ्याल काय? लाकूड आम्ही देऊ.