ग्लासगोचा पाऊस आणि ओल्या भिंतींचे राजकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



कोणता विषय घेणार, असे संयोजकांनी दूरध्वनीवर विचारले तेव्हा मी 'ग्लासगोचा पाऊस' असे उत्तर दिले आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मुलीकडे एक हिवाळा काढून आलेला म्हातारा आता प्रवासवर्णन ऐकवणार, अशी भीती त्यांना वाटली असावी. ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. परंतु २०२२-२३ चा तो हिवाळा स्कॉटलंडमधील त्या शहरात घालवताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. हवामान निसर्ग देतो. पण त्या हवामानात कोणी किती भिजायचे हे समाज ठरवतो.

प्रथम थोडे आकडे. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. ग्लासगोत साऱ्या वर्षाचा पाऊस त्याच्या जेमतेम निम्मा, सुमारे अकराशे ते बाराशे मिलिमीटर. मग त्या लोकांचे गाऱ्हाणे कसले? गाऱ्हाणे असे की हा निम्मा पाऊस वर्षभरातील सुमारे १७० दिवसांवर पसरलेला असतो. शहर जवळजवळ ५६ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि चार वाजण्यापूर्वी मावळतो. मधल्या सात तासांतही तो ढगांआडच असतो. आपल्याकडे पाऊस हा पाहुणा आहे. आपण त्याची वाट पाहतो, तो न आला तर शेतकऱ्याचे वर्ष बुडते. तेथे पावसाची कोणी वाट पाहत नाही, कारण तो गेलेलाच नसतो. अशा करड्या, ओल्या, गारठलेल्या आणि संपता न संपणाऱ्या दिवसासाठी स्कॉट लोकांच्या बोलीत 'ड्रीख' असा एक शब्द आहे. तो उच्चारतानाच घशात थंडी भरते.

उत्तरेकडील देशांत एक उक्ती नेहमी ऐकू येते, की वाईट हवामान असे काही नसतेच, वाईट असतात ते कपडे. ऐकायला ती मर्दानी वाटते. पण चांगल्या कपड्यांना पैसे पडतात, हे ती उक्ती सांगत नाही. पावसाळी कोट ही वस्तूच मुळी या शहराची देणगी. चार्ल्स मॅकिंटॉश या ग्लासगोच्या रसायनतज्ज्ञाने १८२३ मध्ये जलाभेद्य कापडाचे पेटंट घेतले. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅप्थ्यात रबर विरघळवून त्याने ते दोन कापडांच्या मध्ये चिकटवले. इंग्रजीत अशा कोटाला अद्याप त्याचेच नाव आहे. बुद्धिमान माणूस, यात शंका नाही. मात्र प्रत्येकाच्या अंगावर कोरडा कोट असावा, ही व्यवस्था कोणत्याही पेटंटात नसते.

आणि कोट घालून माणूस घरी आल्यावर काय? खरा प्रश्न तेथून सुरू होतो. ग्लासगोच्या कामगारवस्त्या म्हणजे दगडी, चार मजली चाळीच. एका खोलीच्या बिऱ्हाडाला तेथे 'सिंगल एंड' म्हणत. गिरणगावातल्या खोलीत वाढलेल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या खोलीत स्वयंपाक, झोप, आजारपण, बाळंतपण, आणि छताला टांगलेल्या कप्पीच्या दांडीवर सतत निथळणारे कपडे. बाहेर वाळत घालायची सोय नाही, आत वाळवले तर भिंती ओल्या. क्षयाला याहून अधिक आमंत्रण कोणते?

या प्रश्नाला त्या शहराने जे उत्तर शोधले ते मला फार मोलाचे वाटते. नगरपालिकेने सार्वजनिक धुलाईगृहे बांधली. लोक त्यांना 'स्टीमी' म्हणत. तासाचे थोडे पैसे भरायचे. गरम पाणी, धुण्याची कुंडे, पिळण्याची यंत्रे आणि गरम हवेत कपडे सुकवण्याची सोय मिळे. जुन्या बाबागाडीत कपड्यांचे गाठोडे घालून बायका तेथे जात आणि सुके कपडे घेऊन परतत. घरातली ओल घराबाहेर काढण्याचा हा सामुदायिक उपाय होता. तेथे गप्पा होत, भांडणे होत, शेजारणीच्या संसाराची चिरफाड होई, हे सांगायलाच नको. या धुलाईगृहांचे गोड स्मरणरंजन आता पुष्कळ चालते. मला त्यात फारसा रस नाही. ओल्या गाठोड्याचे वजन उचललेल्या बाईला ते गोड वाटले असेल असे वाटत नाही. पण सोय सार्वजनिक होती, एवढे मात्र खरे.

ही सोय आपोआप मिळाली नाही. मेरी बार्बर हे नाव आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, जहाजबांधणीच्या कारखान्यांसाठी शहरात कामगारांची रीघ लागली आणि घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष आघाडीवर किंवा गोदीत. गव्हन भागातील बायकांनी बार्बर यांच्या नेतृत्वाखाली वाढीव भाडे देण्याचे नाकारले. जप्ती करणारा अधिकारी जिन्यात आला की घंटा वाजे आणि हातात असेल ते घेऊन बायका धावत, पीठ आणि ओले कपडे हीच त्यांची शस्त्रे. आपल्याकडील लाटणे मोर्चा ज्यांनी पाहिला त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. नोव्हेंबरात भाडेकरूंवर खटले भरले, तेव्हा जहाजबांधणीचे कामगार काम सोडून न्यायालयासमोर जमले. खटले मागे पडले आणि वर्ष संपण्यापूर्वी ब्रिटिश संसदेने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. पुढे १९२० मध्ये बार्बर नगरपालिकेवर निवडून आल्या आणि त्यांनी धुलाईगृहे, स्नानगृहे, मुलांसाठी दूध यांचा पाठपुरावा केला. रस्त्यावरची बाई सभागृहात गेली आणि गरम पाण्याच्या नळाविषयी बोलू लागली, हे मला भाडेबंदीइतकेच महत्त्वाचे वाटते.

ढगाळ आकाशाची दुसरी किंमत मुलांच्या हाडांनी मोजली. मुडदूस हा ग्लासगोचा जुना रोग. या शतकापूर्वीच्या वैद्यकात त्यावर मोठा वाद होता. ग्लासगोचे लिओनार्ड फिंडले म्हणत, कोंदट घरे आणि मोकळ्या हवेचा अभाव हे कारण. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ च्या सुमारास आहारातील उणिवेकडे बोट दाखवले. पुढे दोन्ही बाजूंत तथ्य ठरले. ड जीवनसत्त्व उन्हातूनही मिळते आणि अन्नातूनही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने मुलांना कॉड माशाचे तेल पुरवले, मार्गारिनमध्ये जीवनसत्त्व घालणे सक्तीचे केले, आणि मुडदूस ओसरला.

परंतु १९६०-७० च्या दशकांत तो पुन्हा दिसू लागला, तो भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांत. आता गंमत पाहा. गोऱ्यांच्या मुडदुसावर उपाय म्हणून मार्गारिनमध्ये जीवनसत्त्व घातले गेले होते. पोळीच्या पिठात तसे घालावे, अशी सूचना झाली. ती सरकारने स्वीकारली नाही. उलट, पोळ्या कमी खा, राहणी बदला, असा सूर निघाला. एका जमातीची उणीव म्हणजे राष्ट्राचा प्रश्न आणि दुसरीची म्हणजे तिच्या चालीरीतींचा दोष! ग्लासगोने मात्र १९७९ मध्ये शहाणपण दाखवले. ज्या आशियाई मुलाला हवे त्याला ड जीवनसत्त्व फुकट द्यायचे, एवढीच योजना. रुग्णालयात येणारी मुडदुसाची मुले झपाट्याने कमी झाली. स्वस्त, साधे आणि कोणाला न हिणवणारे असे ते काम होते. आज ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सर्वांनीच हे जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असा सरकारी सल्ला आहे. तो २०१६ पासूनचा.

'राहणीचा दोष' हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा, कारण तो पुन्हा भेटणार आहे.

जुन्या चाळी पाडून नगरपालिकेने काँक्रीटच्या उंच इमारती उभ्या केल्या. गॉर्बल्स भागातील हचेसनटाउनमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील पूर्वनिर्मित तक्त्यांच्या पद्धतीने एक वसाहत झाली. रहिवासी आनंदाने राहायला गेले. स्वतःचे न्हाणीघर प्रथमच मिळत होते. थोड्याच काळात भिंतींवर काळी बुरशी चढली, गाद्या कुजल्या, कपाटातील कपड्यांना वास येऊ लागला. लोकांनी त्या वसाहतीला नाव ठेवले 'द डॅम्पीज', म्हणजे ओलीची घरे. नगरपालिकेचे उत्तर काय? ही ओल नव्हे, तुमच्या राहण्यातून साचलेली वाफ आहे. खिडक्या उघडा आणि घर अधिक तापवा. बाहेर बर्फासारखी हवा, हाती विजेचे बिल, आणि सल्ला खिडकी उघडण्याचा!

येथे मला आपल्या विचारपद्धतीविषयी एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. त्या नगरपालिकेत सत्ता बहुतांश काळ मजूर पक्षाची होती. घरे बांधणारे आपलेच, भाडे घेणारे आपलेच आणि रहिवाशाला खोटे ठरवणारेही आपलेच. घरमालक सार्वजनिक झाला म्हणून तो भाडेकरूचे ऐकेलच असे नाही. रहिवाशांनी १९७५ च्या सुमारास ओलविरोधी मोहीम उभी केली, तज्ज्ञ गाठले, भाडे रोखले. १९१५ च्या नातवंडांनी आजीचेच हत्यार उचलले, पण या वेळी ते आपल्याच पक्षाच्या विरुद्ध. १९८७ मध्ये ती वसाहत पाडण्यात आली. इमारती नव्या होत्या; त्यांचे आयुष्य वीस वर्षेही भरले नाही.

हे जुने झाले असे कोणास वाटत असेल तर इंग्लंडमधील रॉचडेलची गोष्ट ऐका. तेथे एका गृहसंस्थेच्या बुरशीने भरलेल्या घरात अवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल डिसेंबर २०२० मध्ये दगावले. त्या बुरशीमुळेच श्वसनमार्ग निकामी झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने दिला. वडिलांनी वारंवार तक्रार केली होती. कुटुंब सुदानमधून आलेले. त्यांच्या आंघोळीच्या पद्धतीमुळे ओल होते, असा तर्क संस्थेने केला होता. पुन्हा राहणीचा दोष. २०२३ च्या कायद्यात मुलाच्या नावाने ओळखले जाणारे कलम आले, आणि घरातील ओलीची दखल ठरावीक मुदतीत घेण्याचे बंधन सामाजिक घरमालकांवर पडले. ग्लासगोच्या त्या मोहिमेनंतर जवळजवळ पाच दशकांनी!

मी तेथे होतो तो हिवाळा इंधनाच्या भाववाढीचा होता. वाचनालयांनी, चर्चनी, सामाजिक केंद्रांनी आपले दिवाणखाने उबेसाठी उघडे ठेवले होते. कोणी काही विचारत नसे. बसायचे, वाचायचे, चहा घ्यायचा. मीही बसत असे. १९३० च्या मंदीत याच शहरातील बेकार तरुण चालत उत्तरेला डोंगरांकडे जात आणि क्रेगॅलियन तळ्याकाठी अखंड पेटती ठेवलेल्या शेकोटीभोवती रात्र काढत. डोंगरांत हिंडण्याचा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००३ साल उजाडले, पण तो पायांनी मिळवण्याचा आरंभ या लोकांनी केला.

मुलीच्या इमारतीत ऐंशी ओलांडलेल्या एक बाई राहत. रोज सकाळी दहाला पावसात वाचनालयाकडे निघत. एकदा त्यांच्याबरोबर ग्लासगो ग्रीनमधील पीपल्स पॅलेसपर्यंत गेलो. पूर्व भागातील कामगारांसाठी १८९८ मध्ये उघडलेले ते संग्रहालय; मागे लोखंड-काचेचे मोठे उद्यानगृह, आत ताडमाडांची झाडे, म्हणजे भर जानेवारीत फुकटची ऊब. बाई लहानपणी आईबरोबर तेथे येऊन बसत. ते काचगृह २०१८ च्या अखेरीपासून दुरुस्तीसाठी बंद होते. आम्ही कुंपणातून आत पाहिले. बाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली, पालिकेला स्कॉट बोलीत चार शब्द सुनावले, ते मला समजले नाहीत, आणि आम्ही वाचनालयाची वाट धरली.